मानाची जीभ

जीभ उचलून दाखवा, असं मी आयुष्यात जितक्या माणसांना सांगितलं, तितक्यांना शाळेतल्या बाईंनी गप्प बसा म्हणूनही सांगितलं नसेल. तेव्हा तुम्हीही सुटणार नाही. अंक बाजूला ठेवा, आरशासमोर जा, तोंड उघडा आणि जिभेचं टोक टाळूला टेकवा. खाली मधोमध एक पातळ, ओला पडदा उभा राहिलेला दिसेल. घाबरू नका, तो सगळ्यांनाच असतो. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा गाढवपणा आणि सगळ्यात मोठा विजय, दोन्ही त्या पडद्यापाशीच घडले.

मी चौतीस वर्षं सरकारी परिचारिका होते. त्यातली निम्मी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. रुग्णालय नेमकं कुठलं ते सांगत नाही. तळेऱ्याहून देवगडकडे वळलात की पुढे कुठेतरी, एवढं पुरे. पेशंट मला सिस्टर म्हणत, माहेरचे म्हातारे नलू म्हणत, आणि आता सांगतेय त्या प्रकरणानंतर कित्येक जण ‘जिभेची सिस्टर’ म्हणायला लागले. आमच्या ह्यांचं म्हणणं, हे नाव लग्नापासूनच लागू होतं.

माझं माहेर खाडीपलीकडच्या एका गावात. ज्यांना सगळा गाव दाजी म्हणतो, ते त्या गावचे मानकरी. वार्षिक उत्सवात ग्रामदेवासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्या आवाजात केलेलं बोलणं. पीक येऊ दे, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, कोणाचं चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. मानकऱ्यानं एकेक मागणं मांडायचं आणि जमलेल्या पुरुषांनी दर खेपेला एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बायका मागे हात जोडून उभ्या असतात. त्यांनी ‘व्हय’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

दाजींच्या जिभेच्या टोकाला मधोमध खाच होती. पत्त्यातल्या बदामाला वर असते ना, अगदी तशी. जीभ ओठांच्या फारशी बाहेर येत नसे आणि बोलताना त्यांचा ‘र’ जरा मऊ पडायचा. त्यांच्या वडिलांची जीभ तशीच, आजोबांचीही तशीच होती म्हणत. गावात तिला ‘मानाची जीभ’ म्हणायचे. आपल्याशी बोलायला कोण हवा ते देवानंच ठरवलं आणि त्याच्या जिभेला बोट लावून खूण करून ठेवली, अशी समजूत. लहानपणी उत्सवात आम्ही पोरं त्यांच्या मागे लागायचो, “दाजी, जीभ दाखवा!” ते दाखवायचे आणि वर हातावर खडीसाखर ठेवायचे. त्यांच्या घरात मुलगा जन्मला की कर्त्या पुरुषानं समईच्या उजेडात त्याची जीभ बघायची, असा रिवाजच होता.

दाजींच्या एकुलत्या एका मुलाची जीभ मात्र चांगली सरळ निघाली. तो मुंबईला नोकरीला गेला तेव्हा गावात कुजबूज झाली, खूणच नाही तर मान कसा टिकणार? दाजी कधी बोलले नाहीत, पण त्यांना ते लागलं होतं.

त्या मुलाची बायको सुचिता आमच्याकडे बाळंतपणाला आली, त्याला आता आठ वर्षं होतील. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलंच बाळंतपण असूनही सासरी. बरोबर तिची सासू, म्हणजे दाजींची बायको. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास मुलगा झाला. दोन किलो नऊशे. मी बाळ पुसत होते, आणि दाराबाहेरून काकींचा आवाज आला.

“नलू, जीभ बघितलंस काय गो?”

बाळानं रडायला तोंड उघडलं. जीभ वर यायला निघाली आणि मध्येच अडली. टोकाला खाच. आणि मी, डोक्यावर टोपी, अंगावर गणवेश, नोकरीची पंचवीसहून जास्त वर्षं पाठीशी असलेली परिचारिका, दार किलकिलं करून ओरडले, “काकी, मान इलो! जीभ मानाची आसा!”

बाहेर काकी रडायला लागल्या. तासाभरात दाजी पेढे घेऊन हजर. माझ्या हातावर पहिला पेढा ठेवला.

आता माझ्या गाढवपणाचा पुरावा सांगते. त्याच्या आदल्याच वर्षी कणकवलीला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, स्तनपानाचं. लोकरीनं विणलेले स्तन, प्लास्टिकची बाळं, सगळी जय्यत तयारी. तिथे मी वहीत स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं होतं, ‘जिभेखालचा पडदा आखूड असल्यास टोक बदामासारखे दिसते. दूध ओढण्यास अडचण येऊ शकते.’ बाजूला लाल पेनानं बदामही काढला होता. पण वहीतला बदाम आणि दाजींची जीभ माझ्या डोक्यात कधी शेजारी-शेजारी बसलेच नाहीत. वही नोकरीची होती आणि जीभ माहेरची.

दुसऱ्या दिवशी सुचिता हळूच म्हणाली, “सिस्टर, पाजताना खूप दुखता ओ.”

“पयल्यांदा दुखताच गो. होतली सवय,” असं म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले. हे वाक्य मी त्याआधी शेकडो बायकांना ऐकवलं असेल. त्यातल्या किती जणींचं दुखणं नुसत्या सवयीचं नव्हतं, हे आता कळायला काही मार्ग नाही. त्याची रुखरुख मला आहे आणि राहील. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी सोडलं.

सहाव्या दिवशी रिक्षा येऊन थांबली. पुढे दाजी, मागे काकी आणि सुचिता. काकींच्या हातात बाळ, आणि बाळ गप्प. नवजात बाळ रडतं तेव्हा घरचे घाबरतात. आम्ही घाबरतो ते बाळ रडेनासं होतं तेव्हा. कातडी पिवळसर, ओठ सुकलेले, लंगोट सकाळपासून कोरडा. काट्यावर ठेवलं तर दोन किलो चारशे पन्नास. बाळं पहिल्या दिवसांत थोडी उतरतात, पण सहा दिवसांत साडेचारशे ग्रॅम म्हणजे हे बाळ जन्मल्यापासून उपाशीच होतं.

“हिका दूधच नाय,” काकी म्हणाल्या. “दीस-रात पोर छातीक लावून बसता, आणि पोर उपाशी ता उपाशीच. ह्यांनी जामसंड्यासून पावडरीचो डबो हाडलो, बाटली हाडली. सुरू करू काय?”

सुचिता खाली मान घालून बसली होती. सहा दिवसांत ती सहा वर्षांनी मोठी दिसायला लागली होती. मी तिला पडद्याआड नेलं, म्हटलं बघू दूध आहे की नाही. हातानं जरासं दाबलं, तर जी पिचकारी उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर. आणि स्तनाग्रं रक्ताळलेली, दोन्ही बाजूंनी चिरलेली.

“दूध नाय कोण म्हणता?” मी चष्मा पुसत ओरडले, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं. सुचिता पहिल्यांदाच माझ्याकडे वर बघून रडली.

दूध आहे, भूक आहे, मग मध्ये अडतंय काय? मी बाळाला छातीला लावायला सांगितलं आणि स्टूल ओढून बसले. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बाळानं तोंड लावलं, चार वेळा जबडा हलवला आणि ‘टक्’ असा आवाज आला. परत चार वेळा, परत टक्. पाच मिनिटांत ते दमून झोपलं. तो आवाज ऐकला आणि माझ्या वहीतला लाल बदाम एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. याच खाचेसाठी मी दाजींचा पेढा खाल्ला होता.

बाळ दूध कसं पितं ते थोडं सांगते. आपल्याला वाटतं, ते ओठांनी चोखतं. खरं काम जिभेचं. जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येते, स्तनाखाली द्रोणासारखी धरते, आणि मग तिचा मागचा भाग खाली जातो. त्यामुळे आत पोकळी होते आणि दूध ओढलं जातं. जीभ जर खाली बांधलेली असेल तर ती पुढे येत नाही, वर उठत नाही. बाळ मग जिभेचं काम हिरड्यांनी करतं, म्हणजे चावतं. आईला दुखतं ते म्हणून. पकड सुटली की ‘टक्’ वाजतं. बाळ मेहनत करून दमतं, पोटात जातं घोटभर. आणि स्तन रिकामा होत नाही, त्यामुळे काही दिवसांनी दूध खरंच आटायला लागतं. मग सगळे म्हणायला मोकळे, बघा, आम्ही म्हणत होतो!

मी तशीच बालरोगाच्या मॅडमकडे गेले. या डॉक्टर घाटावरच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला मोजून-मापून. मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी जीभ बघितली होती, हेही सांगितलं.

“बघितली होती? मग बोलला नाहीत?”

“बोलले ना, मॅडम. अभिनंदन केलं.”

मॅडम स्टेथोस्कोप उचलून बाळाकडे निघाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी बाळाला दाखल करून घेतलं. सुचिताचं दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं पाजायला लावलं. त्यामुळे त्या दिवसापुरता जीव शाबूत राहिला. पण वाटी-चमचा हा काही कायमचा उपाय नव्हे. आईची छाती फाटलेली, घरात डबा आणि बाटली तयार, पडदा तसाच राहिला तर आठ-पंधरा दिवसांत दूध जाणार हे दिसत होतं. मॅडमनी बोट घालून तपासलं. पडदा अगदी टोकाजवळ चिकटलेला, जाड आणि ताठ. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटासा छेद देऊन सोडवायचा, असं ठरलं.

आणि दाजी म्हणाले, “नाय.”

आवाज चढवून नव्हे. ते कधीच आवाज चढवत नसत. “देवान केलेली खूण आमी कापूची? गावाक काय सांगू? माझ्या झिलाक नाय मिळाली, हेका मिळाली, ती मी कापून टाकू? कौल लावल्याबगर मी हो म्हणूचंय नाय.”

कौल म्हणजे देवाला विचारणं. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यासाठी गावी जायला हवं, आणि नेमका वारही दोन दिवसांनी होता. बाळाच्या वडिलांना मुंबईला फोन लावला, तर तिकडून, “बाबा म्हणतीत ता.” मॅडम म्हणाल्या, “सही आईची लागते.” सगळे सुचिताकडे बघायला लागले. ती सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. “मामा, खूण नको माका. माका पोर व्हया.” आणि घाबरून पदर तोंडाशी धरला.

मी दाजींना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. एक टोप घेतला आणि नारळाचा रस गाळायचं फडकं त्यावर सैल पसरलं.

“दाजी, ह्यात खंय दोरी शिवलेली आसा?”

“नाय.”

मी फडक्याचा मधला भाग चिमटीत धरून वर उचलला. चिमटीपासून खाली एक घडी ताठ उभी राहिली. “आता?”

“घडी इली.”

हीच या पडद्याची रचना. जिभेखाली दोरी नसते. तोंडाच्या तळाला एक पातळ अस्तर पसरलेलं असतं. जीभ वर उचलली की ते मधोमध वर ओढलं जातं आणि त्याची घडी उभी राहते. कुणाचं अस्तर सैल, कुणाचं ताठ. कुणाची घडी जिभेच्या मागे धरलेली, कुणाची अगदी टोकाशी. टोकाशी धरली आणि वर ताठ असली की जीभ उठायला गेली तरी मधला भाग खाली ओढलेला राहतो, म्हणून खाच दिसते. कुणाचं बोट लागलेलं नसतं. मी मुद्दाम फडकं एका काठाला घट्ट धरून ओढलं. काठाला मधोमध खळगा पडला. दाजींनी त्या खळग्यावर बोट फिरवलं.

“म्हणजे माझ्या तोंडात ह्या आसा?”

“सगळ्यांच्याच. तुमचा वाईच टोकाक धरलेला.”

“पण मी जगलंय मा?” दाजी म्हणाले. “माझो बापूस जगलो, आजो जगलो. ह्या जिभेन कोण मेलो?”

उत्तर दिलं ते काकींनी. त्या आमच्या मागोमाग येऊन दारात उभ्या होत्या, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

“दोन मेले,” काकी म्हणाल्या.

दाजींनी वळून बघितलं.

“सासूबायन माका शेवटच्या दुखण्यात सांगितल्यान. तुमच्या आदी दोन झील झालेले. दोगांचीय जीभ मानाचीच. एक बाराव्या दिसाक गेलो, दुसरो म्हयन्यान. दूध पदरातसून गळायचा आणि पोर रडान रडान निजायचा. गाव म्हणी, बाय कोरडी. तुमी झालास तेव्हा तिना कोणाचा ऐकूक नाय. बकरेचा दूध शिंपलीन थेंब-थेंब घालून तुमका जगवल्यान.”

“ह्या माका इतकी वर्सा कित्या सांगूक नाय?”

“तुमी मानकरी. तुमच्या जिभेबद्दल वायट कोण बोलतलो?”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती ऐकून मी दचकले. दाजी टोपाशेजारच्या स्टुलावर बसले. म्हणाले, “म्हणजे जे जगले तेंचीच जीभ गावान बघितल्यान. गेले तेंची कोणी मोजूकच नाय.” आपल्या आईबद्दलचा ‘कोरडी’ हा शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकला असणार आणि खराही मानला असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ते उठले. “नलू, वजनाचो काटो खंय आसा?”

काट्यावर बाळ ठेवलं. दाखल केल्यापासून वाटीनं पाजल्यामुळे थोडं वाढलं होतं, दोन किलो चारशे सत्तर. दाजी म्हणाले, “आता आवशीकडे दी. अर्ध्या घंट्यान परत ठेव.” पडद्याबाहेर खुर्ची घेऊन ते बसले. आतून आवाज येत होता, टक्, टक्, टक्. अर्ध्या तासानं बाळ परत काट्यावर. दोन किलो चारशे सत्तर. एक ग्रॅम हलला नव्हता.

दाजींनी टोपी काढली, परत घातली. “हो कौल,” ते म्हणाले. “डावो-उजवो आणि काय बघूचो? सोडवा तेका.”

सुचितानं सही केली. अक्षर वळणदार आलं.

सकाळचं काम तीन मिनिटांचं. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, मी डोकं धरलं. मॅडमनी मधे खाच असलेल्या चपट्या पट्टीनं जीभ उचलली, पडदा ताणला गेला आणि बोथट टोकाच्या कात्रीनं त्यांनी तो जरासा कापला. बस्स, इतकंच. पण हे ‘इतकंच’ कुणाच्याही हातचं नव्हे, हे ठणकावून सांगते. त्या पातळ अस्तराच्या लगेच खाली जिभेला स्पर्श कळवणाऱ्या नसा पसरलेल्या असतात, बुडाशी लाळेची दोन बारीक भोकं असतात, रक्तवाहिन्या असतात. नखानं, ब्लेडनं, घरच्या घरी कोणी हा उद्योग करू नये. दोन-चार थेंब रक्त आलं, मी कापूस दाबला आणि बाळाला सुचिताच्या मांडीवर दिलं.

पहिल्यांदा त्यानं नुसतं तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्यांदा धरलं आणि सोडलं. माझा जीव टांगणीला. कारण सगळ्यांचंच लगेच जमतं असं नाही. काही बाळांना नव्यानं शिकायला दिवस जातात. तिसऱ्या खेपेला बाळाची जीभ हिरडीच्या पुढे आली. मी डोळ्यांनी बघितली, गुलाबी, रुंद. त्यानं धरलं. जबडा एकदा हलला, दोनदा हलला. आम्ही सगळ्या कान देऊन बसलो होतो. टक् आलाच नाही. आला तो घोट गिळल्याचा आवाज. मग दुसरा. मग एका लयीत सुरूच.

“दुखता काय गो?” मी विचारलं.

सुचितानं मान हलवली. “वाईच. पण तसा नाय.” आणि मग हसून, “ओढता हो सिस्टर! खरोच ओढता!”

काकींना राहवेना. त्या पडद्यातून डोकं बाहेर काढून दाजींना म्हणाल्या, “ऐकलास? गळ्यातसून जाता!”

“काट्यार ठेवा,” दाजी बाहेरून म्हणाले.

सकाळी कापण्याआधीचं वजन दोन किलो चारशे ऐंशी होतं. आता काट्यावर आकडे नाचले आणि थांबले. दोन किलो पाचशे पंधरा. एका पाजण्यात पस्तीस ग्रॅम! मी तो आकडा असा काही ओरडले की बाजूच्या वॉर्डातून लोक बघायला आले. मॅडम, ज्या कधी मोठ्यानं हसत नसत, त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली. माझी चूक झाकली गेली असं नाही, पण ती दुरुस्त झाली. आमच्या कामात इतकी मोठी चूक दुरुस्त करायची संधी फार कमी वेळा मिळते. मी टॉयलेटमध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं आणि परत ड्युटीला लागले.

सतराव्या दिवशी बाळ जन्माच्या वजनाला पोहोचलं. पावडरीचा डबा दाजींनी स्वतः जामसंड्याच्या दुकानात परत नेऊन दिला.

त्यानंतर माझ्याकडे जी माणसं यायला लागली, त्यांच्यावर वेगळा लेख होईल. एक गृहस्थ कणकवलीहून आले, चार महिन्यांचं गुटगुटीत बाळ घेऊन. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांची खात्री पटली होती की मुलाचा पडदा कापायलाच हवा. मी आधी पाजताना बघितलं. बाळ मस्त पीत होतं, आई मजेत होती. म्हटलं, पडदा दिसतो म्हणून कापत नाहीत, अडवतो तेव्हाच कापतात, घरी जा. ते नाराज होऊन गेले. दुसरे एक आजोबा ओपीडीच्या रांगेत दोन तास उभे राहिले आणि आत येऊन हळूच विचारते झाले, “सिस्टर, तुमी दोरो सोडवतास. माझ्या बायलेचो वाईच शिवूक येता काय?” आणि अशाही आया आल्या, ज्यांच्या बाळांची जीभ उचलून बघितली तर खरंच अडलेली होती. त्या मुलांना मी आता बाजारात बघते, आणि त्यांच्या आया मला बघून मुलांना सांगतात, सिस्टरांना जीभ दाखव.

पण या सगळ्या बायका माझ्यापर्यंत कशा आल्या? वॉर्डाच्या भिंतीवर मी वर्षानुवर्षं तक्ते लावले होते. ते वाचून एक माणूस आला असेल तर शपथ. त्या आल्या, कारण त्या वर्षीचा उत्सव.

बाळ साधारण दीड महिन्याचं होतं. मी सुट्टी काढून माहेरी गेले. मनात धाकधूक होती, कारण गावात बातमी पोचलीच होती, दाजींनी नातवाची मानाची जीभ कापली. कोणी म्हणत होते, आता देव ऐकायचा नाही. कोणी म्हणत होते, पुढच्या वर्षी मान दुसऱ्या घराला जाईल. दुपारी पालखी बाहेर निघायच्या आधी सगळा गाव देवळापुढे जमला. पुरुष पुढे, बायका मागे. माझ्या एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला सुचिता, आणि तिच्या खांद्यावर चार किलोला टेकलेलं ते पोर, पोट भरून झोपलेलं.

दाजी पुढे झाले. हात जोडले. गाऱ्हाणं सुरू झालं, तेच, लहानपणापासून मला पाठ असलेलं. भाताचं, आंब्याचं, काजूचं, दर्यावर जाणाऱ्यांचं, मुंबईकरांचं. दर वेळी पुरुषांचा आवाज घुमत होता. संपतं त्या जागी आलं, आणि दाजी थांबले नाहीत.

“आणि म्हाराजा, आज माझा स्वताचा एक गाऱ्हाणा आसा. माझ्या आवशीचे दोन झील दुदाबगर गेले. तेंच्याय जिभेक हीच खूण होती. आमी खूण पुजली, तेंची भूक बघूक नाय. माझ्या आवशीक ह्या गावान कोरडी म्हटल्यान, आणि मी तिचो झील, मीय तसाच समजलंय. तिचो काय एक दोष नव्हतो. ह्या चुकला ता पोटात घाल, म्हाराजा!”

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग पुढून एक म्हातारा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ सगळ्यांचा. “व्हय म्हाराजा!”

“आणि हेच्या फुडे, म्हाराजा, ज्या घरात पोर दुदाक लागाचा नाय, त्या घरातल्यांका आवशीक बोल लावच्या आदी पोराची जीभ उचलून बघूची बुद्धी दी, म्हाराजा!”

या वेळी कोणी थांबलं नाही. सगळा गाव ओरडला. आणि त्या गलक्यात माझ्या शेजारून एक बारीक, कापरा, पण स्पष्ट आवाज मला ऐकू आला. पुढची दोन-चार डोकी वळून बघायला लागली. काकींनी पदर सावरला नाही की मान खाली घातली नाही. सत्तरी गाठलेली ती बाई देवाकडे सरळ बघत, हात जोडून, म्हणत होती, “व्हय म्हाराजा.”

मग मीही म्हटलं.